समास : पोथीचा आणि लेबलाचा

१

'समास' हा शब्द मराठीच्या विद्यार्थ्याला तीन ठिकाणी भेटतो. व्याकरणात दोन पदे एकत्र येऊन होतो तो समास. दासबोधात दशकाचा पोटभाग असतो तो समास. आणि पानाच्या कडेला लेखणी जेथे थांबते ती कोरी जागा, तोही समासच. पहिल्या दोहोंवर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलत आलो आहोत. तिसऱ्यावर बोलण्याचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता. तो एका लहानशा यंत्रामुळे आला, आणि त्या निमित्ताने मराठी लेखनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू आमच्यासमोर आली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही दोघे मराठी शिकवतो, एक अमरावतीला आणि एक अकोल्याला. अमरावतीच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका निवृत्त प्राध्यापकांचा ग्रंथसंग्रह देणगीदाखल आला. त्यात महानुभाव साहित्याच्या मुद्रित आवृत्त्या पुष्कळ होत्या. पुस्तकाच्या पाठीवर लावायच्या चिठ्ठ्या पूर्वी ग्रंथालय परिचर टाकाने लिहीत असत. या वेळी त्या थर्मल प्रिंटरवर छापायचे ठरले. चिठ्ठी ५० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर उंच. तीवर वर्गांक, ग्रंथनाम, दाखल क्रमांक आणि खाली बारकोड. पहिला रोल छापून झाला आणि पाहतो तो 'सूत्रपाठा'चा 'सत्रपाठ' झालेला, 'शिशुपाळवधा'चा 'शिशपाळवध', आणि 'ऋद्धिपुरवर्णना'चे 'ऋद्धिपरवर्णन'. ओळींच्या खालची कड सरळ कापली गेली होती. वर्गांकाचे आकडे आणि बारकोड मात्र स्वच्छ. परिचरांनी वऱ्हाडीत निदान केले, "सर, इंग्रजी बराबर येऊन राह्यली, मराठीच कटून राह्यली."

हे निदान आम्हाला त्या दिवशी तक्रारीसारखे वाटले. पुढे ध्यानात आले की त्यात दोनशे वर्षांच्या मुद्रणाचा इतिहास आहे.

२

इंग्रजी शाबूत राहते आणि मराठी कापली जाते, याचे कारण लिपीच्या रचनेत आहे. रोमन अक्षर पायाशी एका अदृश्य रेघेवर उभे राहते. देवनागरी अक्षर शिरोरेखेला लोंबकळते. मोडी लिहिणारा कारकून तर आधी पानभर रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. रोमन लिपीत स्वर हे व्यंजनांच्या रांगेत त्यांच्या बरोबरीने बसतात. आपल्याकडे तसे नाही. आपले स्वर व्यंजनाच्या चारही अंगांना राहतात. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे, काना आणि दीर्घ वेलांटी उजवीकडे, मात्रा वर, उकार आणि ऋकार खाली. अनुस्वार आणि रफार हेही माथ्यावरचेच. मधोमध व्यंजन आणि भोवती हा सारा परिवार, अशी देवनागरीची वस्ती आहे.

याचा अर्थ असा, की मराठी मजकुराची कोणतीही कड कापली तर पहिला बळी स्वराचा जातो. खालून कापले तर 'सुख' चे 'सख' होते. वरून कापले तर 'संत' चा 'सत' आणि 'वर्ग' चा 'वग' होतो. आणि चिठ्ठी डावीकडे सरकून पहिला दंड गेला तर 'शिव' चा 'शव' होतो. इकारावाचून शिव शव होतो हे आपण तत्त्वज्ञान म्हणून ऐकलेले असते. ते छपाईच्या दोषातही खरे ठरते. व्यंजनांचा सांगाडा उरतो, म्हणून वाचणारा अंदाजाने वाचून घेतो, आणि अंदाजाने वाचता येते म्हणून चूक कोणी दुरुस्त करीत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत एकदा शिरलेला 'सत्रपाठ' तेथे वर्षानुवर्षे नांदू शकतो, आणि 'सूत्रपाठ' शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुस्तक नाही असे सांगितले जाऊ शकते.

म्हणजे समास ही रिकामी राहिलेली जागा नाही. देवनागरीपुरते बोलायचे तर ती स्वरांना श्वास घेण्याची जागा आहे. प्रश्न एवढाच, की ती जागा कोणी, कधी, कोणत्या मापाने मोजली?

३

उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभावांची काशी. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथे होते, आणि चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथेच संकलित केल्या, असे परंपरा सांगते. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली. त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. ज्या पंथाने ग्रंथ गमावण्याचे दुःख असे भोगले, त्याने पुढे प्रती करण्याच्या कामात विलक्षण काटेकोरपणा बाळगला, यात नवल नाही. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत त्यांनी आपले ग्रंथ राखले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी ते बाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आकार घेत आहे.

आपल्याकडची जुनी पोथी, मग ती महानुभावांची असो वा अन्य कोणाची, समोर ठेवून पाहावी. लांबट आडवे पान. डाव्या-उजव्या बाजूंना उभ्या रेघा, बहुधा तांबड्या. त्यांच्या आत मजकूर. दोऱ्या ताणलेली पाटी कागदाखाली ठेवून वरून दाबले की कागदावर ओळींच्या खुणा उठत. या खुणांमधले अंतर लेखक आपल्या अक्षराच्या मानाने ठरवी. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी यांची गाठ पडू नये, एवढी जागा तो मोकळी सोडी. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती, कागद महाग होता, तरी समासाच्या बाबतीत कंजुषी केलेली सहसा आढळत नाही.

त्या समासाला काम असे. लिहिताना एखादे अक्षर गळले तर ओळीत काकपदाची खूण करून ते अक्षर समासात लिहीत. कठीण शब्दाचा अर्थ तेथे देत. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्रंथनामाची आद्याक्षरे आणि पत्रांकही समासातच घालीत. सुटी पाने विस्कटली तर कोणते पान कोणत्या ग्रंथाचे, हे कळावे म्हणून ही सोय. पोथीचे लेबल पोथीच्या समासात राहत असे. बासनाचे फडके बदलले, दोरी तुटली, तरी पानाबरोबर त्याची ओळख राही. आज आम्ही लेबलातला समास शोधत होतो. पूर्वी समासात लेबल होते.

४

मुद्रणाने हे माप लेखकाच्या हातून काढून घेतले. धातूचा खिळा म्हणजे चार कडा असलेला ठोकळा. त्यावरचे अक्षर आपल्या ठोकळ्याबाहेर सहजासहजी जाऊ शकत नाही. व्यंजन आणि उकार एकाच खिळ्यावर घ्यावेत तर प्रत्येक जोडीचा निराळा खिळा पाडावा लागतो. निराळे घ्यावेत तर ते एकमेकांखाली बेताने बसवावे लागतात. गोव्यातील जेझुइट पाद्री टॉमस स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात येथील लिपीसाठी सुमारे सहाशे साचे लागतील ही अडचण नोंदवली होती. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये मराठीत छापले गेले, पण रोमन अक्षरांत. मराठीच्या मुद्रणाचा आरंभच असा झाला, की चौकट आधी तयार होती आणि भाषेला तिच्यात बसावे लागले.

पुढे १८०५ मध्ये विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण सेरामपूरला देवनागरी खिळ्यांसह छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापाचा विशेष असा, की दगडावर हातचे अक्षर जसेच्या तसे उतरते. त्यामुळे छापील पोथीतही हस्तलिखिताचा समास, त्याच्या रेघा, ओळींमधली मोकळीक ही सारी टिकली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या अक्षराची कीर्ती झाली ती त्यांच्या वळणामुळे, हे खरे; पण त्या पानांवर डोळा रमतो याचे आणखी एक कारण म्हणजे उकार-वेलांट्यांना मिळालेली जागा. खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप पुढे लोकमान्य टिळकांपासून अनेकांनी केला. त्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच पेच होता. व्यंजनाभोवती राहणाऱ्या स्वरांना ठोकळ्याच्या मापात कसे बसवावे? जुळारी पट्टीवर शिशाच्या चकत्या घालून ओळी मोकळ्या करी, तेव्हा रिद्धपूरच्या लेखकाने दोऱ्या ताणून जे साधले तेच तो साधत होता.

५

येथवर ग्रंथाचा समास झाला. लेबल हा व्यापाराचा लेखनप्रकार आहे, आणि वऱ्हाडात त्याचा इतिहास कापसाशी बांधलेला आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, येथील कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. रुईच्या गाठी खामगाव, अकोला, अमरावतीहून मुंबईला आणि तेथून समुद्रापार जाऊ लागल्या. अमरावतीच्या नावाची उदुंबरावती, उंबरावती, उमरावती अशी परंपरा सांगितली जाते. परदेशी व्यापाऱ्यांच्या कागदांत या नावाचे फक्त पहिले टोक उरले, 'उमरा'. बाजारभावाच्या तक्त्यात 'उमरा' म्हणजे वऱ्हाडी कापूस. पुढे खानदेशचा आणि मध्यप्रांताचा कापूसही याच नावाखाली विकला जाऊ लागला. एका गावाचे नाव शेपटीकडून कापून तयार झालेले हे लेबल लिव्हरपूलला ओळखीचे झाले. ज्या शेतकऱ्यांनी तो कापूस पिकवला त्यांच्यातील किती जणांना 'उमरा' हा आपल्या मालाचा शब्द म्हणून ठाऊक असेल, कोण जाणे.

गाठीवरच्या खुणांना कायद्याचे बळ १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने आले. प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या प्रेसला ठरवून दिलेली खूण उमटवणे मालकावर बंधनकारक झाले. उद्देश असा, की गाठीत भेसळ किंवा ओलावा निघाला तर ती कोणत्या प्रेसमधून आली याचा माग काढता यावा. येथे लेबल ही जबाबदारीची सही होते.

हाच धागा पुढे अकोल्यात येतो. १९६६ चा बियाणे कायदा आणि १९६८ चे नियम यांनी बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल सक्तीचे केले. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, १९७६ मध्ये स्थापन झाले ते अकोल्यात. राज्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालयही तेथेच. टॅगवर पीक, वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीचा दिनांक आणि वैधतेची मुदत असते. बी उगवले नाही तर तक्रारीसाठी पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवा, असे कृषी खाते दर हंगामात शेतकऱ्यांना बजावते. आमच्या वर्गात अशा घरांतील मुले बसतात. त्यांच्या घरी आढ्याला खोचलेल्या टॅगवरचा लॉट क्रमांक शेवटच्या आकड्यापाशी कापलेला असेल, तर त्या कुटुंबाच्या हाती पुरावा राहत नाही. आमच्या ग्रंथालयातला उकार गेला तर एक पुस्तक हरवते. तेथे एक हंगाम हरवतो. लेबलाचा समास ही केवळ देखणेपणाची बाब नाही, हे आम्हाला अकोल्याच्या या इतिहासाने शिकवले.

६

आता पुन्हा आमच्या यंत्राकडे येऊ. शाईऐवजी उष्णतेने अक्षर उमटवण्याचे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये आकाराला आले. एकात्मिक मंडलासाठी २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले जॅक किल्बी हे त्याच्या जनकांपैकी एक. हातात मावणाऱ्या गणकयंत्राचा १९६७ चा नमुना आपली उत्तरे उष्णतेने कागदाच्या पट्टीवर उमटवीत असे. म्हणजे या छपाईचा जन्मच आकड्यांसाठी झाला. पुढे बारकोड आला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील एका दुकानात च्युइंगमच्या पुड्यावरचा बारकोड प्रथम वाचला गेला, आणि चिकट लेबलांचा प्रसार जगभर झाला. बहुतेक लेबल प्रिंटरांत मुळात भरलेली अक्षरे रोमन असतात. मराठी मजकूर त्यांच्याकडे चित्र म्हणून पाठवावा लागतो; तसा न पाठवला तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

दुरुस्तीचे काम आम्ही परिचरांबरोबर बसून केले. त्याचा क्रम येथे नोंदवतो. इतर ग्रंथालयांना उपयोग व्हावा. प्रथम पट्टीने चिठ्ठी मोजली. रुंदी, उंची, आणि दोन चिठ्ठ्यांमधली फट, जी आमच्या रोलात ३ मिलिमीटर होती. संगणकात पानाचे माप ए-४ च राहिले होते आणि मजकूर 'पानात मावेल असा' लहान करून पाठवला जात होता. ते बंद करून खरे माप भरले आणि प्रमाण शंभर टक्के ठेवले. दुसरे असे, की यंत्राची समजूत आपण सलग कागदावर छापत आहोत अशी होती. त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी थोडी थोडी सरकत होती. दर चिठ्ठीला १ मिलिमीटर सरकले तर दहाव्या चिठ्ठीला १ सेंटिमीटरचा फरक पडतो. यंत्राला फट ओळखायला लावले, कॅलिब्रेशन केले, तेव्हा ते काही कोऱ्या चिठ्ठ्या पुढे सारून स्थिरावले. मग मजकुराऐवजी नुसती चौकट छापून पाहिली. ही युक्ती सर्वांत गुणाची. चौकटीची कोणती बाजू कापली जाते ते दिसते. प्रत्येक चिठ्ठीवर सारखीच कापली जात असेल तर आरंभबिंदू सरकवावा. कमी-अधिक होत असेल तर माप चुकले आहे. तिरपी येत असेल तर रोलच्या बाजूची मार्गदर्शक पट्टी सैल आहे. आमचे यंत्र इंचाला २०३ ठिपके छापणारे, म्हणजे मिलिमीटरला ८. डावीकडे दीड मिलिमीटर सरकवायचे तर १२ ठिपके.

एवढे झाल्यावर चौकट चारही बाजूंनी पूर्ण आली, तरी उकार कापलेलेच! कारण शेवटी सापडले. ओळीची उंची रोमन अक्षराच्या मानाने ठरावीक करून ठेवलेली होती. खालच्या ओळीने वरच्या ओळीचा पाय कापला होता. ओळींतील अंतर दीडपट केले, चारही कडांना २ मिलिमीटर सोडले, आणि 'सूत्रपाठ' आपल्या उकारासह उमटला. ग्रंथनाम दोन ओळींऐवजी एका ओळीत घ्यावे लागले, एवढाच तोटा.

या साऱ्या खटपटीत एक गोष्ट आमच्या मनाला लागली. बारकोड कापला का गेला नाही? कारण त्याच्या दोन्ही बाजूंना किती कोरी जागा हवी, हे त्याच्या प्रमाणकातच लिहिलेले आहे. कोड १२८ या प्रकाराला सर्वांत बारीक रेघेच्या दहापट जागा लागते; क्यूआर कोडला चारही बाजूंना चार घरे कोरी लागतात. तेवढी जागा नसेल तर वाचकयंत्राला वाचता येईलच असे नाही, म्हणून लेबलाची रचना करणारे ती निमूटपणे सोडतात. यंत्र अंदाजाने वाचत नाही, म्हणून त्याच्या समासाची काळजी घेतली जाते. माणूस अंदाजाने वाचतो, म्हणून त्याच्या स्वरांवर कात्री चालते.

७

एक पुरवणी. साध्या थर्मल कागदावरचे अक्षर उष्णतेने उमटते, तसेच उष्णतेने आणि उजेडाने ते बिघडतेही. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. खिडकीजवळच्या कपाटातील चिठ्ठ्या दोन उन्हाळे पाहतील की नाही याची आम्हाला शंका आहे. टिकाऊ चिठ्ठीसाठी रिबनवरून रंग उतरवणारी पद्धत घ्यावी लागते, आणि आम्ही आता तिची मागणी नोंदवली आहे. पोथी लिहून झाल्यावर लेखक शेवटी विनवणी करीत असे, की पाण्यापासून, तेलापासून, सैल बांधणीपासून हा ग्रंथ राखा. त्या यादीत आता उष्णतेची भर घालायला हवी.

संग्रहातील पुस्तके आता मांडणीवर लागली आहेत. परिचरांनी आपण होऊन एक काम अधिक केले. प्रत्येक पुस्तकाच्या आत, मुखपृष्ठाच्या मागच्या समासात, त्यांनी पेन्सिलीने ग्रंथनाम आणि दाखल क्रमांक हाताने लिहून ठेवला आहे. का, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "चिठ्ठी निघून जाईल सर, पान तं राहीन."